गार इंजिनला पहिली दोन मिनिटं आवाज: 2001 ची स्प्लेंडर, तीन मिस्त्री, तीन उत्तरं

गोठा_ते_गंगावेश
रविवार, दुपारी 1.20

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय. तीन मिस्त्रींना गाडी दाखवली आणि तिघांनी तीन वेगळी कारणं सांगितली, म्हणून पैसे घालायच्या आधी मला नक्की काय बिघडलंय ते समजून घ्यायचंय.

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, 2001 ची, 97.2 सीसी, किकवाली. नवी घेतल्यापासून माझ्याकडंच आहे. दुधाच्या बिलातनं हप्ते फेडलेत. मीटरवर 1,43,000 किलोमीटर आहेत आणि ते खरे आहेत. बोअर-पिस्टन (सिलिंडर आतनं कापून मोठा पिस्टन घालणं) एकदाच, 2014 साली केलंय.

मी वडणग्याचा. चार म्हशी आहेत. पहाटे धार काढायची, सव्वापाचला गाडीला दोन कॅन अडकवायचे, शिवाजी पुलावरनं गंगावेशीत यायचं आणि तिथनं पुढं शिवाजी पेठेत रतीब घालायचा, एकतीस घरं. साडेसातला परत घरी. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं तरच हा क्रम चुकतो. म्हणजे गाडी रोज पूर्ण गार इंजिनवर चालू होते, आणि त्या वेळी आसपास दुसरा कसलाच आवाज नसतो. गाडी कशी बोलते हे मला पाठ आहे.

दिवाळीनंतर हा नवा आवाज सुरू झाला. किक मारली की गाडी एका किकेत चालू होते, त्यात काही अडचण नाही. पण चालू झाल्या झाल्या इंजिनातनं खळखळ येते, पत्र्याच्या डब्यात चिल्लर घालून हलवल्यागत. दाव्याला बांधलेली पहिली म्हैस त्या आवाजानं मान झटकते, आधी कधी झटकत नव्हती. मग खळखळ कमी होते आणि टिक-टिक-टिक-टिक असा कोरडा आवाज राहतो. ॲक्सिलेटर दिला की टिकटिक त्याच पटीत वाढते. पुलापर्यंत पोचेस्तोवर सगळं गायब. दिवसभर इंजिन एकदम गोड चालतं. ॲव्हरेज पडलेलं नाही, धूर नाही, ओढ कमी नाही.

दुधाच्या वहीच्या मागच्या पानांवर बारा दिवस लिहून ठेवलंय. पहाटे सव्वापाचला आवाज रोज येतो. परत आल्यावर अर्ध्या तासानं पुन्हा चालू केली तर अजिबात येत नाही. दुपारी तीनला पेंड आणायला जाताना येतो, पण थोडकाच. चोक ओढला काय, न ओढला काय, फरक नाही. साइड स्टँडवर लावली काय, मेन स्टँडवर लावली काय, फरक नाही.

पहिल्या मिस्त्रीनं बोट लावून ऐकलं आणि सांगितलं, पिस्टन वाजतंय, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायला लागेल, साडेपाच-सहा हजार धरा. दुसरा म्हणाला, टायमिंग चेन (इंजिनाच्या आतली, व्हॉल्व्ह चालवणारी) गेली, पूर्ण किट बदला. तिसऱ्यानं काही उघडलं नाही, म्हणाला, जुन्या गाडीला आवाज असायचाच, जाड ऑईल घाला. मी त्याचं ऐकून 10डब्ल्यू-30 काढून 20डब्ल्यू-50 घातलं. त्याला पंधरा दिवस झाले. आवाज गेला नाही, उलट पहिली खळखळ आता जास्त वेळ येते असं मला वाटतं.

इंजिन उघडायला माझी ना नाही. पण उघडलं की दोन दिवस गाडी नाही, आणि म्हशी काही दोन दिवस थांबत नाहीत. चुकीचं काम करून आवाज तसाच राहिला तर ते परवडणार नाही. तिघांपैकी बरोबर कोण?

इचल_पॉवरलूम
रविवार, दुपारी 2.05

दादा, दुसरा मिस्त्री बरोबर. दीड लाखाला आलेली गाडी, टायमिंग चेन आजवर बदललेली दिसत नाही. चेन, टेन्शनर, रोलर सगळं एकदम घालून टाका. आमच्या इचलकरंजीत ह्याच गाडीचं काम मी दोनदा करून घेतलंय. एका दिवसाचं काम आहे, दोन दिवस कुणी लावत नाही.

उद्यमनगर_लेथ
रविवार, रात्री 9.40

दादा, प्रश्न लई चांगला लिहिलाय. बारा दिवसांची नोंद ठेवणारं गिऱ्हाईक आमच्याकडं क्वचितच येतं.

मी शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि बोअरिंगचं काम करतो, पंचवीस वर्षं झाली. सुरवात ऑईल इंजिनाच्या ब्लॉकवर केली, आता निम्मं काम मोटारसायकलचं असतं. बोअर करायला आणलेले कितीतरी सिलिंडर मी मोजून तसेच परत पाठवलेत, कारण ते झिजलेलेच नव्हते. आवाज दुसरीकडचा होता. त्यामुळं बोअरचं नाव निघालं की मी आधी थांबवतो.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट मला खटकली. तुम्ही “आवाज” म्हणताय, पण वर्णन दोन आवाजांचं केलंय. खळखळ वेगळी, टिकटिक वेगळी. दोन्ही एकाच वेळी सुरू होतात, म्हणून एकच वाटतात. मला वाटतं तिन्ही मिस्त्रींचा घोळ तिथंच झालाय. एकानं एक ऐकला, दुसऱ्यानं दुसरा.

आवाज कसा येतो ह्यापेक्षा तो किती वेळानं जातो हे आधी बघा. गार इंजिनचा आवाज पाच-दहा सेकंदांत जात असेल तर त्याचा संबंध ऑईलशी असतो. रात्रभरात ऑईल खाली उतरलेलं असतं, ते पंपानं वर पोचलं की आवाज बंद. धातू गरम व्हायला एवढ्या लवकर सुरवातच होत नाही. दीड-दोन मिनिटांनी हळूहळू जाणारा आवाज धातू फुगण्याशी जोडलेला असतो. आणि जो आवाज गरम झाल्यावर वाढतो, त्याला घाबरायचं. गरम ऑईल पातळ होतं आणि झिजलेलं बेअरिंग उघडं पडतं. तुमचा तिसऱ्या प्रकारचा नाही, एवढं तर तुमच्या वहीवरनंच कळतंय. कनेक्टिंग रॉड आणि क्रँक सुखरूप आहे असं धरून चालू.

आता खळखळ. ह्या इंजिनात टायमिंग चेन डाव्या बाजूला, मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) मागं असते. ती ताणून धरायला खालनं एक दांडी असते, तिच्यामागं स्प्रिंग आणि टोकाला रबर, हाच टेन्शनर. नुसत्या स्प्रिंगवर ती दांडी थरथरेल म्हणून तिच्या पोकळीत ऑईल भरलेलं राहतं. दांडी झिजली, रबर कडक झालं किंवा ऑईल धरून ठेवायची ताकद गेली की रात्रीत पोकळी रिकामी होते. सकाळी ऑईल भरेपर्यंत चेन आतल्या आत आपटत राहते. म्हणूनच जाड ऑईल घातल्यावर तुमची खळखळ लांबली. गार असताना 20डब्ल्यू-50 तिथं पोचायलाच वेळ लावतं. ह्या इंजिनाला 10डब्ल्यू-30 च. जाड ऑईलनं गरम इंजिनचा आवाज दबतो, गार इंजिनचं दुखणं वाढतं.

ह्याची परीक्षा फुकटात होते. उद्या पहाटे चावी बंद ठेवून सावकाश दहा-बारा किका मारा. इंजिन फिरतं, पंप फिरतो, ऑईल वर चढतं. मग चावी लावून चालू करा. खळखळ आली नाही तर ती ऑईलची, म्हणजे टेन्शनरची. तरीही आली तर चेनच लांबलेली आहे किंवा चेन ज्यावरनं फिरते तो रबरी रोलर खलास आहे.

टिकटिक जरा अवघड. त्या आवाजाची तीन घरं असू शकतात: टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारा भाग), पिस्टन आणि सायलेन्सरचा जोड. तिन्हींचा ठेका एकच असतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. आयडलला इंजिन मिनिटाला 1400 च्या आसपास फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 23. पण फोर स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, पेट्रोल दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं आणि धूर दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो. त्यामुळं तिन्ही आवाज सेकंदाला 11-12 ठोक्यांनीच येतात. कान कितीही चांगला असला तरी ठेक्यावरनं फरक कळत नाही, जागेवरनं कळतो. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं इंजिनावर फिरवा. स्क्रूड्रायव्हर कानाला लावायची सवय आहे आपल्याकडं, पण धातूच्या दांडीतनं सगळं इंजिन एकदम ऐकू येतं. गळणाऱ्या हवेचा आवाज नळीतच पकडता येतो.

पिस्टनचं म्हणाल तर पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची आतली स्लीव्ह बिडाची. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गार असताना मधली फट जास्त, पिस्टन एका बाजूवरनं दुसरीकडं आपटतं, गरम झालं की फट भरते. जुन्या गाडीला थोडं होतंच. तपासायचं असेल तर गार इंजिनचा प्लग काढून चमचाभर ऑईल आत सोडा, किक मारून फिरवा, प्लग लावून चालू करा. थोडा वेळ धूर येईल, घाबरू नका. आवाज एकदम कमी झाला तर पिस्टन, जराही बदलला नाही तर पिस्टन नाही.

सायलेन्सरच्या जोडासाठी एका माणसाला ओल्या फडक्यानं सायलेन्सरचं मागचं तोंड तीन-चार सेकंद निम्मं दाबायला सांगा. गार असतानाच, नाहीतर हात भाजेल. जोडातनं गळत असेल तर टिकटिक मोठी होते. चोकवर असेल तर जोडापाशी धुराची पिचकारी पण दिसते. गरम झाल्यावर सायलेन्सरची नळी आणि जोडातली सीलची रिंग फुगून फट बुजते, म्हणून तो आवाजही दोन मिनिटांत जातो, हुबेहूब पिस्टनसारखा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: दिवाळीच्या आसपास गाडीचं काय काम केलं होतं? अगदी किरकोळ असलं तरी सांगा. आवाज एका ठराविक तारखेपासनं सुरू झाला असेल तर त्या तारखेला कुणीतरी काहीतरी उघडलेलं असतं.

गडहिंग्लजची_सूनबाई
सोमवार, सकाळी 10.15

वर दादांनी गरम झाल्यावर वाढणाऱ्या आवाजाबद्दल लिहिलंय, ते प्रत्येकानं लक्षात ठेवावं. आमच्या घरच्या जुन्या गाडीचं तसंच झालं. सकाळी काही नाही, पण आजऱ्यापर्यंत गेलं की खालून जड ठक-ठक यायची, थांबवून गार केली की बंद. आम्हाला वाटलं गाडी तापते म्हणून होतं. आंबोलीला जाताना भर रस्त्यात इंजिन जाम झालं. क्रँकचं बेअरिंग गेलं होतं. मागं मी बसले होते, हातात सहा महिन्यांचं बाळ. मागचं चाक अडकलं तेव्हा सरळ रस्ता होता म्हणून वाचलो. ज्याला हा आवाज येतोय त्यानं गाडी तिथंच उभी करावी.

गोठा_ते_गंगावेश
मंगळवार, रात्री 8.30

ताई, वाचून अंगावर काटा आला. बाळ सुखरूप आहे हे मोठं. माझी गाडी गरम झाल्यावर एकदम शांत असते, पुन्हा मुद्दाम पन्हाळा रोडला केर्लीपर्यंत नेऊन ऐकलं.

उद्यमनगर दादा, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं.

सोमवारी पहाटे चावी बंद ठेवून बारा किका मारल्या. मग चालू केली. खळखळ आलीच नाही. एकदम नाही. टिकटिक मात्र तशीच आली. दोन महिने जो आवाज मी एक समजत होतो तो माझ्या डोळ्यांसमोर दोन झाला. म्हैससुद्धा शांत उभी होती.

आज पहाटे उलटं केलं. किका न मारता थेट चालू केली आणि मोबाईलवर वेळ लावला. खळखळ सात सेकंद, टिकटिक एक मिनिट पन्नास सेकंद. दोन्ही वेगळे आहेत हे आता कानाला पण कळतं. पाचव्या सेकंदापासनं दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात, तिथंच फसायला होतं.

मग पोराला उठवून फडकं धरायला लावलं. म्हशीच्या पाण्याची नळी कापून हातभर तुकडा केला होता, तो कानाला लावून खाली बसलो. हेडपाशी, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागापाशी, काही विशेष नाही. सिलिंडरपाशी बारीक. हेडच्या खालच्या अंगाला, जिथं सायलेन्सरची नळी जोडलीय तिथं कानाच्या नळीचं तोंड नेलं आणि कानात चापट मारल्यागत फट-फट-फट. पोरानं फडकं दाबलं तसा आवाज दुप्पट. बॅटरी मारली तर जोडाच्या डाव्या बाजूला हेडवर बोटभर लांबीचा काळा ओघळ, काजळीचा. रोज गाडी पुसतो, पण हेडच्या खाली वाकून कधी बघितलं नव्हतं.

आणि दिवाळीचं तुमचं बरोबर. मी प्रश्नात लिहिलं नाही, कारण त्याचा इंजिनाशी संबंध असेल असं वाटलंच नाही. सायलेन्सर खालून गंजून भोक पडलं होतं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी काढून गॅस वेल्डिंग करून आणला आणि संध्याकाळी परत बसवला. बसवणाऱ्यानं नवी रिंग घातली नाही. मी तिथंच उभा होतो, माझ्याही लक्षात आलं नाही.

प्लगमध्ये ऑईल घालायची परीक्षा अजून केलेली नाही. आता गरज आहे का? आणि टेन्शनरचं काय करू, पूर्ण किट की नुसती दांडी?

उद्यमनगर_लेथ
मंगळवार, रात्री 10.55

ऑईलची परीक्षा आता नको. आधी रिंग बदला, आवाज उरला तरच पुढं.

रिंग बदलताना दोन गोष्टी सांभाळा. जुनी रिंग हेडच्या तोंडात चपटी होऊन चिकटून बसते आणि काळी पडलेली असली की हेडचाच भाग वाटते. बरेच जण ती आत ठेवूनच नवी वर चढवतात, मग जोड तिरका बसतो आणि महिन्यात पुन्हा गळतो. लहान स्क्रूड्रायव्हरनं कडेकडेनं उचकटून बाहेर काढा, ओरबाडे पाडू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे. दुसरं, त्या दोन नटांना आदल्या रात्री थोडं डिझेल मारून ठेवा. एवढ्या वर्षांचे स्टड, सुके उघडायला गेलात तर एखादा मोडेल आणि खरोखर हेड उतरवून आमच्याकडं यायला लागेल. बसवताना एक नट पूर्ण आवळून मग दुसरा, असं नाही. इकडं थोडा, तिकडं थोडा, पुन्हा इकडं. नवी रिंग दबत जाते, म्हणून दोन दिवस चालवून गार असताना परत एकदा बघायचं.

टेन्शनरचं आमच्या इचलकरंजीच्या भावाशी माझं थोडं वेगळं मत आहे. चेन किट घातलं तर वाईट काही नाही, पण तुमची खळखळ नुसत्या किकांनी गेली, म्हणजे चेन अजून अगदी लोळण घेत नाही. आधी दांडी, स्प्रिंग आणि खालच्या बोल्टचं वॉशर बदला. मॅग्नेट काढायला लागत नाही, तासाभराचं काम. 20डब्ल्यू-50 काढायचंच आहे, तेव्हाच करा. नवी दांडी कोरडी बसवू नका, वाटीत ऑईल घेऊन त्यात बुडवून, दाबून-सोडून पोकळी भरून मग बसवा.

ऑईल रिकामं आहेच तर क्लचच्या बाजूचं कव्हर पण उघडून घ्या. ह्या इंजिनाला कागदी फिल्टर नाही. खाली एक जाळी आहे आणि क्लचच्या बाजूला फिरणारा फिल्टर आहे, ज्यात फिरण्याच्या जोरानं घाण कडेला जाऊन बसते. ऑईल बदलताना तो कुणी उघडत नाही. 2014 नंतर उघडला नसेल तर आत काय सापडतंय ते कळवा.

आणि ऑईल मोजताना डिपस्टिकचं झाकण आटे लावून घट्ट करू नका. मेन स्टँडवर, नुसतं टेकवून बघायचं. आटे लावून बघितलं की काडी जास्त खोल जाते, ऑईल भरपूर दिसतं आणि प्रत्यक्षात कमी असतं.

गोठा_ते_गंगावेश
मंगळवार, रात्री 11.10

डिपस्टिक मी आजवर आटे लावूनच बघत आलोय. आत्ता बॅटरी घेऊन गोठ्यात जाऊन बघून आलो. नुसती टेकवली तर ऑईल खालच्या रेघेच्याही खाली आहे.

इचल_पॉवरलूम
बुधवार, सकाळी 8.00

उद्यमनगर भाऊंचं पटलं. मी दोन्ही वेळा किट घातलं तेव्हा जुनी चेन मोजायला कुणाला सांगितलंच नव्हतं. बारा किकांची परीक्षा मलाही माहीत नव्हती, आता आमच्या चाळीतल्या गाड्यांवर करून बघतो.

गोठा_ते_गंगावेश
पुढचा सोमवार, सकाळी 9.00

काम झालं. काय काय निघालं ते तपशिलात लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

गुरुवारी रात्री नटांना डिझेल मारलं. शुक्रवारी रतीब घालून आल्यावर गाडी पूर्ण गार होऊ दिली आणि दुपारी आमच्या गावातल्या एका तरुण मिस्त्रीला घरीच बोलावला. हा नवा, आधीच्या तिघांपैकी नव्हे. तुमचं लिहिलेलं त्याला आधी वाचायला दिलं. त्यानं शांतपणे वाचलं आणि म्हणाला, काका, ह्याच क्रमानं करूया.

सायलेन्सर उतरवला. जुनी रिंग हेडच्या तोंडात अगदी तुम्ही म्हणालात तशीच चिकटली होती, मला दाखवली तरी ती वेगळी वस्तू आहे हे ओळखू आलं नाही. उचकटून हातात घेतली तेव्हा कळलं. एका बाजूला नखाएवढी जाड, चकचकीत. दुसऱ्या बाजूला दबून कागदाएवढी पातळ, आणि तिथं आरपार काळी वाट पडलेली. धूर तिथनंच येत होता. दोन नटांपैकी एक पूर्ण आवळलेला होता, दुसरा नुसता लागलेला.

टेन्शनरची दांडी काढली. टोकाचं रबर बोटानं दाबलं तर दगड. त्यावर एका अंगाला खोलगट झीज. नवी दांडी शेजारी ठेवली तेव्हा रबरात किती फरक पडलाय ते दिसलं. नवीचं रबर नखानं दबतं. वाटीत ऑईल घेऊन दांडी बुडवून भरली. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ते मिस्त्री पोरगं मन लावून तेच करत बसलं होतं.

क्लचची बाजू उघडली. फिरणाऱ्या फिल्टरच्या आत कडेनं काळ्या मेणागत घट्ट थर, कमी-जास्त दोन मिलिमीटरचा. पोह्याच्या चमच्यानं खरवडून काढला. चिमटीत घेऊन चोळला तर बारीक कचकच लागते. जाळीत जुन्या गॅस्केटचे तुकडे होते. सगळं पेट्रोलनं धुऊन, वाळवून, कव्हरला नवं गॅस्केट घालून बंद केलं. 10डब्ल्यू-30 घातलं, मेन स्टँडवर काडी नुसती टेकवून मोजलं.

सगळं मिळून अकराशे रुपयांच्या आत बसलं, मजुरीसकट. गाडी संध्याकाळी सहाला तयार, रतीब एक दिवसही चुकला नाही.

शनिवारी पहाटे थंडी चांगली होती, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागलेल्या. पाच वाजून बारा मिनिटांनी किक मारली. खळखळ एखादा सेकंद आली आणि मिटली. टिकटिक नाही. मी नळी घेऊन पुन्हा खाली बसलो, जोडापाशी नुसती गुरगुर. घरातनं आई बाहेर आली आणि म्हणाली, आज गाडी लांबनं आल्यागत वाजतीया. रविवारी आणि आज पण तसंच. काल नट परत बघितले, डावा पाव फेरा घेतला.

आता सगळं गप्प झाल्यावर हेडमधनं एक बारीक, हलकी टिकटिक ऐकू येते, गार आणि गरम दोन्हीला सारखीच. ती आधीही असणार, मोठ्या आवाजाखाली दबलेली. टॅपेट असावा. आणि तो उरलेला एक सेकंद कशाचा?

उद्यमनगर_लेथ
सोमवार, रात्री 9.20

लई बरं वाटलं वाचून. त्या पोराला माझा नमस्कार सांगा, वाचून काम करणारा मिस्त्री सांभाळून ठेवा.

उरलेला सेकंद चेनचा आणि रोलरचा. रोलरचं रबरही दांडीच्या रबराच्याच वयाचं आहे. घाई नाही, पण मे महिन्यात, पावसाच्या आधी, किट घालून घ्या. तेव्हा मात्र मॅग्नेट पुलर लावूनच काढायला सांगा, हातोडीनं नको. तोवर पहाटे चावी बंद ठेवून चार किका मारायची सवय ठेवा, तो सेकंदही जाईल.

टॅपेट गार इंजिनवरच लावायचा, रात्रभर उभी राहिलेली गाडी हवी. मॅग्नेटवरची टी खूण जुळवून, दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे आहेत ह्याची खात्री करून, फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं). हाताच्या अंदाजानं कुणाला लावू देऊ नका. आणि आवाज पूर्ण बंद होईपर्यंत आवळायचा नाही. थोडी टिकटिक राहिलेलीच बरी. एकदम गप्प केलेला टॅपेट गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही आणि व्हॉल्व्ह जळतो.

जुनी रिंग आणि दांडी टाकली नसेल तर माझ्यासाठी ठेवा. इकडं शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवायला पाहिजेत. शिवाजी पेठेत रतीब असतो म्हणताय, उद्यमनगर तिथनं काही लांब नाही. येताना त्याच गाडीवर या, मला पण ऐकायचीय.

गोठा_ते_गंगावेश
सोमवार, रात्री 9.45

दोन्ही ठेवल्यात, गोठ्याच्या कोनाड्यात. गुरुवारी रतीब संपला की आठच्या सुमारास येतो. गाडी गार पाहिजे असेल तर तास-दीड तास तिथंच उभी करून थांबीन. लिटरभर दूध तुमच्यासाठी बाजूला ठेवतो.